जाताना बारीक, पोचल्यावर जाड

चि. मिहिर आणि चि. ईशा,

आजोबा दवाखान्यातून घरी आल्यापासून गप्प गप्प का आहेत, असं तुम्ही दोघांनीही फोनवर विचारलंत. त्यांची तब्येत उत्तम आहे. छातीतल्या रक्तवाहिनीत बसवलेली ती जाळीची नळी आपलं काम चोख करते आहे. जिना चढतात, दोन पोळ्या खातात, वर्तमानपत्र माझ्या आधी पळवतात. पण घरी सोडताना त्यांनी त्या तरुण डॉक्टरांना विचारलं, "ही आता काढायची कधी?" डॉक्टर हसून म्हणाले, "काढायची नसतेच, काका. ती आता तुमचीच." तेव्हा आजोबांचा चेहरा जो उतरला तो अजून तसाच आहे. तुमच्या बाबाला वाटतं, ते घाबरले आहेत. घाबरले वगैरे काही नाहीत. त्यांना नाना पोंक्षे आठवले आहेत. आणि नाना कोण हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नाना पोंक्षे दुसऱ्यांच्या छत्र्या उघडून बघत असत. कुणाच्या घरी गेले की चपला काढायच्या आधी कोपऱ्यातली छत्री हातात घ्यायची, उघडायची, मिटायची, पुन्हा अगदी सावकाश उघडायची, आणि दांड्याला कान लावून आतल्या कड्याचा आवाज ऐकायचा. मग यजमानाला सांगायचं, "तुमची तिसरी काडी आळशी आहे." आमच्या ओळखीच्या साठ्यांचे वडील श्रावणात वारले तेव्हा सगळे समाचाराला गेलो होतो. आत साठे डोळे पुसत वडिलांचा शेवटचा दिवस सांगत होते आणि नाना हळूच उठून बाहेर गेले. निरोप घेऊन आम्ही बाहेर आलो तर ओटीवर आलेल्यांच्या सगळ्या छत्र्या उघड्या, ओळीने मांडलेल्या, आणि त्यांच्या मधोमध नाना उकिडवे बसलेले. आम्ही खाली माना घालून आपापल्या छत्र्या उचलल्या. साठ्यांची आई मात्र त्या दिवसांत पहिल्यांदा हसली असं नंतर कळलं.

"छत्रीइतकी शहाणी वस्तू माणसाने केलेली नाही, वहिनी," ते मला सांगत. "जाताना बारीक, पोचल्यावर जाड."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. दिवसातून चारदा तरी ऐकावं लागे. तुमचे आजोबा म्हणत, "नाना, म्हणजे जावयासारखं. येताना बारीक, राहिल्यावर जाड." नाना यावर हसत नसत. ते विचार करत आणि म्हणत, "नाही गोडबोले, जावयाला वेळ लागतो. मला एका क्षणात व्हायला हवं आहे."

आता घर सांगते. साठ सालानंतरची ती वर्षं. आजोबांची बँकेतून सुरतेला बदली झाली होती आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. गोपीपुऱ्यात रमणलाल शेठांच्या तीन मजली घरात आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. तळमजल्यावर शेठांचा जरीचा कारखाना, मधल्या मजल्यावर ते स्वतः आणि त्यांच्या म्हाताऱ्या आई, ज्यांना सगळी गल्ली बा म्हणायची. वरच्या मजल्यावर एका गॅलरीत दोन मराठी बिऱ्हाडं, आम्ही आणि पोंक्षे. दिवसभर खालून चाकांची घरघर येत असे. चांदी चढवलेली तांब्याची तार एकाहून एक बारीक भोकांतून ओढत ओढत केसाएवढी करायची, हा तिथला धंदा. ती तार घासायला, धुवायला तेजाब, म्हणजे ॲसिड, लागे. तेजाबाचा वास जिन्याला कायमचा बसला होता. पाहुण्यांना यायचा, आम्हांला येईनासा झाला होता.

नाना शहराच्या पाणीखात्यात ओव्हरसियर होते. उंच, वाळके, पँटच्या पायांना सायकलच्या चिमट्या, कानावर पेन्सिल. जगात जे काही आहे ते नळी तरी आहे किंवा नळीत अडकलेलं काहीतरी आहे, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. माझ्या भाजीच्या पिशवीतली शेवग्याची शेंग काढून तिचा व्यास मोजत. मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा मुंबईचे एक सतारवादक आले होते. कार्यक्रम संपल्यावर नाना पुढे गेले, नमस्कार केला, आणि तुटलेल्या तारा टाकून देता का असं विचारलं. ते गृहस्थ भारावले. त्यांना वाटलं, रसिकाला आठवण म्हणून हवी आहे. त्यांनी पेटीतून एक तार काढून दोन्ही हातांनी दिली. नानांनी ती तिथल्या तिथे बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली आणि परत केली. "ही बसकी आहे, उसळत नाही. दुसरी बघता का जरा?"

हे सगळं वेड कशापायी होतं ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्यांना हसताना लोक थोडं खाली बघून हसत.

सुमतीवहिनी, म्हणजे नानांची बायको, रत्नागिरीकडची. तिचं पित्त फार. माहेरून कुणी आलं की कोकमाचं आगळ यायचं, घट्ट, काळंभोर, औषधाच्या तपकिरी बाटल्यांतून. त्या बाटल्या स्वयंपाकघरात फळीवर उभ्या असत आणि छातीत जळजळ सुरू झाली की वहिनी त्यातला एक घोट तसाच तोंडात टाकत असे. तशा रिकाम्या बाटल्या आम्ही कोकणातली माणसं कधी फेकत नाही. नानांनी एका रविवारी पितळेची एक जुनी तोटी साफ करायला खालच्या कारखान्यातून थोडं तेजाब मागून आणलं, आणि आणलं ते अशाच एका बाटलीतून. काम अर्धं झालं, जेवायची हाक आली, बाटली फळीवर गेली. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी वहिनीने हात वर करून बाटली घेतली.

बरंचसं थुंकून टाकलं गेलं. जीव वाचला. तोंड महिन्याभरात बरं झालं. आत अन्ननळी मात्र जिथे भाजली होती तिथे आवळत गेली. आधी पोळी जाईना, मग भात, मग मऊ खिचडीसुद्धा. डॉक्टर दलाल म्हणून एक नावाजलेले सर्जन होते. ते दर पंधरवड्याला रबरी सळ्या एकापाठोपाठ एक आत सरकवून ती जागा ताणून रुंद करायचे. चार दिवस बरे जात. मग वाट परत मिटायला लागे.

सुमतीवहिनी जिभेची तिखट. ती म्हणायची, "माझ्या घशाला यांचं खातं जोडून दिलंय. दर पंधरा दिवसांनी गाळ काढायला नेतात."

गॅलरीत भेटलो की आमचं बोलणं ठरलेलं. मी विचारायचे, "आज काय उतरलं?"

"पातळ वरण. उद्या ताकावर येऊ, परवा पाण्यावर. मग दलालांची वारी."

बाटली कुणी भरली होती, हे त्या घरात कधी बोललं गेलं नाही. नाना फक्त चिठ्ठ्या लावायला लागले. त्यांचं अक्षर नकाशावरचं, उभं, रेखीव. त्यांच्या घरातली प्रत्येक बरणी, प्रत्येक डबा नावाचा झाला. मग ते आमच्या स्वयंपाकघरात आले. तेल, मीठ, व्हिनेगर, रॉकेल. माठावर 'पाणी' लावलं तेव्हा मी म्हटलं, "नाना, माठात दुसरं काय असणार?" ते म्हणाले, "असं सगळेच म्हणतात." आणि एका रिकाम्या बाटलीवर 'रिकामी' अशी चिठ्ठी चिकटवून गेले.

एक दिवस डॉक्टर दलालांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की ताणून ताणून ती जागा पातळ झाली आहे. कधीतरी फाटेल. दोनेक वर्षं अजून ओढू, मग पोटाला बाहेरून भोक पाडून नळी बसवायची आणि पातळ अन्न तिथूनच द्यायचं. घरी येताच वहिनी मला म्हणाली, "म्हणजे मी काय तोटीचा माठ का गं?" मग भिंतीला टेकून बसली. "मला वालाचं बिरडं आणि भात खायचाय. एक घास घशाखाली गेलेला कळला पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी."

त्या दिवसापासून नानांचं ठरलं. ताणून सोडली की मिटते, म्हणजे ताणून धरणारं काहीतरी आतच ठेवलं पाहिजे. तारेची स्प्रिंग. आवळून बारीक केलेली आत न्यायची, नेमक्या जागी सोडायची, की ती उलगडून भिंतींना आतून टेकू देईल. मोरीला आतून कडं बसवतात तसं. आज तुमच्या आजोबांच्या छातीत जे आहे, ते याहून फार वेगळं आहे असं मला वाटत नाही. पण तेव्हा आम्ही असलं काही ऐकलं नव्हतं, आणि नानांनीही नव्हतं.

जरीची तार मऊ पडली. छत्रीची काडी जाड पडली. घड्याळाची स्प्रिंग मोडली. शेवटी सतारीचीच तार पसंत पडली, दुसऱ्या एका कलावंताची, पोलादी. स्प्रिंग झाली. पण खरी अडचण पुढेच होती. "करणं सोपं असतं, वहिनी. पोचवणं कठीण," ते म्हणत. घशातून खाली वळणाने जायचं, आवळलेल्या तारेला धरून ठेवायचं आणि बाहेर उभं राहून आत सोडायचं. सरळ दांडा वळत नाही आणि वळणारी नळी ढकलता येत नाही. नाना महिनोन् महिने हात नुसते हवेत फिरवत हिंडत. ऑफिसात त्यांच्याशी कुणी बोलायला गेलं की आधी तोंड उघडायला लावून घसा बघत, अशी तक्रार त्यांच्या साहेबांनी आजोबांकडे केली होती.

उत्तर सापडलं ते आजोबांच्या सायकलीत. ब्रेकची वायर. बाहेर वेटोळ्यांचं आवरण, हवं तसं वळणारं, आत सरकणारी तार. नानांनी ती काढून घेतली आणि सांगायचं विसरले. दुसऱ्या दिवशी आजोबा बँकेत निघाले ते चिकूच्या हातगाडीवर जाऊन थांबले. गुडघा फुटलेला, शर्टभर चिकू, मागे चिकूवाला भरपाई मागत, असे वर आले. नाना गॅलरीत त्यांचीच वायर दोन हातांत धरून उभे होते.

"गोडबोले, बघा, कितीही वळवा, एक मोड पडत नाही."

"नाना, माझा गुडघा बघा."

"गुडघा बरा होईल हो," नाना म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून आजोबांना रागावता आलं नाही.

आता हे कशात तरी घालून बघायला हवं. पोंक्षे म्हणजे सात पिढ्यांचे शाकाहारी. कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पण एके सकाळी नाना पितळी डबा घेऊन खाटकाच्या दुकानात उभे राहिले. रहीमभाई नावाचा तो खाटीक पुढे कितीतरी दिवस हा प्रसंग लोकांना सांगत असे. नानांनी बकऱ्याची अन्ननळी मागितली.

"साहेब, एने तो कोई खातुं नथी. कूतराने नाखीए छीए."

"मारे खावुं नथी, भाई. मारे एमां रस्तो करवो छे."

कुत्र्यांना टाकायच्या नळीत रस्ता करणाऱ्या या साहेबांकडे रहीमभाईने बघितलं, डबा भरून दिला, आणि पुढे दर रविवारी तो बाजूला काढून ठेवायला लागला.

नळ्या मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, दोऱ्याने मध्येच आवळून बांधायच्या, म्हणजे वहिनीच्या घशासारखी अरुंद जागा तयार व्हायची, आणि त्यातून स्प्रिंग न्यायची. हे काम ते गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे करत. उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, दिवस नाना विसरले. सुरतेत त्या दिवशी माणूस घरात सापडत नाही, सगळं गाव गच्चीवर. शेठांचे पाहुणे, पोरंटोरं, पतंग, फिरक्या, ऊंधियूची पातेली, आणि टाकीमागच्या दोरीवर वाळत घातलेली बकऱ्याची नळी. बांनीच ती पाहिली. बा पक्क्या वैष्णव. त्यांच्या देवघरात लसणाचं नाव काढलेलं चालत नसे.

"आ शुं लटकाव्युं छे, भाई?"

नाना खोटं बोलायला कधी शिकले नाहीत. त्यांनी सांगितलं. काय आहे, कुणाचं आहे, कशासाठी आहे. शेजारच्या गच्चीवरून आमच्या मंडळाच्या पाटणकरकाकू ऐकत होत्या. त्यांनी त्या दिवसापासून पोंक्ष्यांकडे वाटी पाठवणं बंद केलं. मला वाटलं, आता यांचं बिऱ्हाड रस्त्यावर येतं. बा दोरीकडे बघत होत्या. सून याने जेवू लागेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

"वहु आनाथी खाती थशे?"

"थवी जोईए, बा."

"मारी अगाशी पर नहीं," बा म्हणाल्या. "बीजे क्यांक कर." गच्चीवर नको, दुसरीकडे कुठेतरी. आणि पदर सावरत जिन्याकडे वळता वळता म्हणाल्या, "पण कर."

नानांचा कारखाना तापीकाठच्या एका बंद पडलेल्या पंपघरात गेला.

डॉक्टर दलाल दोन वर्षं हसत होते. "पोंक्षे, आ गटर नथी, अन्ननळी आहे," असं त्यांचं गुजराती-मराठी मिसळलेलं उत्तर ठरलेलं. नाना म्हणत, "गटाराला मी एवढं जपत नाही, साहेब." एकदा मात्र त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर वाकडी रबरी नळी ठेवली, वायर आत सरकवली, बाहेरचा दोरा ओढला, आणि आत स्प्रिंग टक् करून उघडली. डॉक्टरांनी नळी उचलून खिडकीकडे धरली. आतून पलीकडचा उजेड दिसत होता. त्यांनी स्वतःच्या हाताने ते परत परत करून बघितलं. बाहेर रोगी खोळंबले होते. शेवटी म्हणाले, "जोखीम आहे. पण पोटाची नळी आता टळत नाही. त्याआधी एकवार बघू." बुधवार ठरला.

वहिनीने त्या आठवड्यात वाल भिजत घालायला मला सांगून ठेवले. "गुरुवारी लागतील," म्हणाली. "मोड आले पाहिजेत."

रविवारी सकाळी शेवटची तालीम. नानांनी आम्हां दोघांना पंपघरात बोलावलं, कारण नळीची दोन्ही टोकं धरायला माणसं हवी होती. एक टोक मी धरलं, नाकाला पदर लावून, एक आजोबांनी. वायर गेली, अरुंद जागेपाशी थांबली, दोरा ओढला, आणि आवळलेली जागा आमच्या डोळ्यांसमोर गोल झाली. नानांनी वरून पेज ओतली, ती सरळ खाली बादलीत पडली. मग केळं कुस्करून. मग त्यांनी डब्यातून घरून आणलेला भात काढला आणि एक घास वर ठेवून पाण्याने सोडला. भात खाली पडला. नाना वाकून बादलीतल्या त्या भाताकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला, परत बघितलं.

आजोबा बँकेतले. ग्राहकाला लॉकर द्यायच्या आधी ते उघडून, बंद करून, परत उघडून दाखवायचं, ही त्यांची रोजची सवय. ते अगदी सहज म्हणाले, "वा, नाना. आता बाहेर काढून दाखवा."

"का?"

"काही नाही. उघडतं ते बंदही व्हायला हवं, एवढंच."

नानांनी वायर आत घातली. स्प्रिंगच्या टोकात अडकवली. ओढली. स्प्रिंग हलेना. फिरवून ओढली. मग जोर लावला. माझ्या हातातलं टोक एकदम हलकं झालं. नळी मधोमध फाटली होती आणि स्प्रिंगच्या तारांत तिच्या चिंध्या अडकून आल्या होत्या.

नानांनी बादली विसळली, हात धुतले, स्प्रिंग पाण्याखाली धरून एकेक वेटोळं स्वच्छ केलं. आजोबा म्हणाले, "नाना, मी आपलं सहज विचारलं होतं." नाना म्हणाले, "बरोबर विचारलंत, गोडबोले. इतकी वर्षं मी जाण्याचंच बघत होतो."

बुधवारी सकाळी वहिनी न्हाऊन, नारायणपेठ नेसून, पिशवी भरून गॅलरीत बसली होती. मी शाळेत निघाले होते, निरोप घ्यायला थांबले. नाना दारात उभे, पायांत चपला नाहीत.

"अहो, निघायचं ना?"

"नको."

"काय नको?"

"ती आत गेली की निघत नाही, सुमती. काही झालं तर फाडावं लागेल."

"मला काढायची आहे कशाला? मला ती आत हवी आहे. मी तयार आहे."

"मी नाही."

"घसा माझा आहे."

"हात माझा आहे," नाना म्हणाले. मग अगदी हळू, "एकदा झालंय त्या हातून."

त्या घरात तेवढंच एकदा ते बोललं गेलं. वहिनी उठून उभी राहिली. म्हणाली, "तुमची भीती तुम्ही गिळा ना. ती माझ्या घशात का ठेवता?" आणि पिशवी उचलून आत गेली. भिजवलेले वाल मी त्या दिवशी मोलकरणीला दिले.

पुढच्या महिन्यात पोटाला नळी बसवली गेली. वहिनी नानांशी कितीतरी दिवस बोलत नव्हती. 'बाहेर काढून दाखवा' म्हणणारे आजोबाही तेव्हापासून असे अधूनमधून गप्प होत आले आहेत. मी त्या तरुण डॉक्टरांना परवा बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, रक्तवाहिनीचं वेगळं, अन्ननळीचं वेगळं. ती सतत हलते, तार रुतू शकते, आम्ही आजही तिथे दहादा विचार करतो. "तुमचे नाना बरोबर असतील, आजी. किंवा वहिनी चार वर्षं जेवली असती. कोण सांगणार?" मी हे आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

पण नाना म्हटलं की मला पंपघर आठवत नाही, त्यांचं स्वयंपाकघर आठवतं. नळी बसवून वर्ष होत आलं असेल. मी दुपारी त्यांचं एक भांडं परत द्यायला गेले. दार लोटलेलं. वहिनी पाटावर, समोर ताट वाढलेलं, ताटात वालाचं बिरडं आणि भात. मी दचकलेच. ती घास तोंडात घालत होती, डोळे मिटून सावकाश चावत होती, आणि शेवटी गिळायच्या जागी शेजारच्या वाटीत काढून ठेवत होती. नाना समोर बसून ती वाटी गाळणीवर घोटत होते. कोमट पाणी घालून पातळ करत होते, मनगटावर थेंब टाकून ऊन बघत होते, आणि काचेच्या नरसाळ्यातून तिच्या पोटाच्या नळीत सोडत होते. मध्ये मध्ये स्वतःच्या ताटातला एक घास खात होते. स्वयंपाक त्यांनीच केलेला होता. नोकरीच्या जेवणाच्या सुट्टीत सायकलवर येऊन.

"मीठ कमी," वहिनी डोळे न उघडता म्हणाली.

नानांनी चिमूटभर मीठ ताटात वाढलं.

"आणि खोबरं जळलंय."

"उद्या बघतो." नरसाळं उंच धरून नाना तिच्याकडे बघत होते. "पोचलं?"

"पोचलं."

मी दारातच उभी होते. त्यांना मी दिसले तरी त्यांचा हात हलला नाही. मला म्हणाले, "चव वरच्या वर असते, वहिनी. ती घशाखाली उतरतच नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं."

"यांना सगळं उशिराच सुचतं," वहिनी म्हणाली, आणि पुढचा घास घेतला.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी ती गेली, न्यूमोनियाने. तोवर रोज दुपारी ते ताट वाढलं गेलं. नंतर नाना रत्नागिरीला पुतण्याकडे राहायला गेले आणि तिथेच काही वर्षांनी वारले. सुरत सोडताना स्प्रिंग आजोबांच्या हातात देऊन गेले, लॉकरवाल्याकडे असू द्या म्हणाले. डॉक्टर दलालांनी ती ब्रेकची वायर मागून घेतली होती. तिच्यावरून त्यांनी रबरी सळ्या वळणाने आत नेण्याचं एक साधन करून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत वापरलं, असं त्यांच्याच तोंडून ऐकलं. आता डॉक्टर नाहीत, ते साधन कुठे आहे ठाऊक नाही. रमणलाल शेठांचं घर पाडून तिथे दुकानं झाली.

स्प्रिंग आहे. सतारीच्या तारेची, करंगळीच्या पेराएवढी, आजोबांच्या कपाटात वरच्या खणात. गंजलेली नाही.